टाकी लावलेली मूठ: प्लॅस्टिकच्या पिस्तुलाला खरखर कशी आली

१९८० साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने आपले जुने पिस्तूल निवृत्त करण्याचे ठरवले. हे पिस्तूल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वॉल्थर पी-३८. त्याच्या मुठीला दोन्ही बाजूंनी बेकेलाइटच्या पट्ट्या असत, पट्ट्यांवर आडव्या खाचा असत आणि त्या एका स्क्रूने बसवलेल्या असत. पट्टी तडकली किंवा गुळगुळीत झाली, की शस्त्रागारातला कारागीर स्क्रू काढून दुसरी बसवी. दोन वर्षांनी त्याची जागा घ्यायला जे पिस्तूल आले त्याला पट्ट्याही नव्हत्या आणि स्क्रूही नव्हता. मूठ, चापाभोवतीचे कडे आणि खालची सगळी चौकट एकाच साच्यातून, एकाच ओतीव पॉलिमरमधून निघालेली होती. हे ग्लॉक १७.

त्या एकसंध मुठीमुळे एक विचित्र गोष्ट घडली. पुढच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेतील हजारो लोकांनी हे नवेकोरे, साच्यातून नेटके निघालेले पिस्तूल विकत घेतले, घरी आणले आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याच्या मुठीवर टेकवून तिला शेकडो डाग दिले. हा धागा त्या डागांचा आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही क्रिया वाटते तितकी परकी नाही. मिक्सर घरोघरी येण्यापूर्वी पाटा, वरवंटा आणि जाते वापरून गुळगुळीत होत असे. मग दारावर 'टाकी लावायची का' अशी हाक येई, आणि छिन्नी-हातोडीने दगडावर बारीक बारीक खड्डे पाडले जात. गुळगुळीत दगडावर मिरची नुसती सरकते, टाकी लावलेल्या दगडावर ती धरली जाते. पिस्तुलाच्या मुठीवर जे झाले ते हेच. फरक इतकाच की पाटा झिजून गुळगुळीत होई, आणि पॉलिमरची मूठ मुळातच तशी जन्माला आली होती.

हत्याराची मूठ हातातून निसटू नये ही चिंता फार जुनी आहे. रोमन सैनिकाच्या ग्लॅडियस तलवारीची मूठ पुष्कळदा हाडाची असे आणि तिच्यावर चार बोटांसाठी चार खाचा कोरलेल्या असत. या खाचा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सुमारे एकोणीस शतकांनी त्या एका कारखान्यात पुन्हा अवतरणार आहेत आणि पुन्हा नाहीशाही होणार आहेत.

जपानी कातानाच्या मुठीवर रेशमी दोरीचे वेढे दिसतात, पण खरी पकड त्या दोरीखाली असते. तिथे लाकडावर पाकट माशाचे कातडे ताणून बसवलेले असते. या कातड्यावर दातांसारखे कठीण, गोल दाणे असतात. दोरी त्यांच्यावरून घसरत नाही, आणि दोरी घसरली नाही तर हातही घसरत नाही. हे कातडे जपानला बाहेरून आणावे लागे. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे सयामच्या अयुथयाहून हरणांच्या कातड्यांबरोबर पाकटाची कातडीही नागासाकीला नेत. एका देशाच्या तलवारीची पकड दुसऱ्या देशाच्या समुद्रातून येत होती आणि तिसऱ्या देशाच्या व्यापाऱ्यांना नफा देत होती.

ज्यांना मासा मिळत नव्हता त्यांनी कातड्यावर कृत्रिम दाणे उठवले. इराण, तुर्कस्तान आणि रशियाच्या दक्षिण भागात घोड्याच्या किंवा गाढवाच्या पाठीमागचे जाड कातडे ओले करून त्यावर चाकवताच्या जातीतील एका झाडाचे कठीण बी पसरत आणि ते तुडवून कातड्यात रुतवत. कातडे वाळले की बी झटकून टाकायचे आणि पृष्ठभाग जवळजवळ खड्ड्यांच्या तळापर्यंत तासून काढायचा. मग कातडे पाण्यात भिजवायचे. बियांखाली दबलेला भाग पाणी पिऊन फुगे आणि जिथे खड्डा होता तिथे उंचवटा उभा राही. आस्त्राखानच्या कारागिरांची ही कृती अठराव्या शतकात निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पालास यांनी नोंदवून ठेवली. 'शाग्रीन' या नावाने हे दाणेदार कातडे युरोपात गेले, आणि पुढे मत्स्यचर्मालाही तेच नाव चिकटले. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या तलवारींवर माशाचे कातडे व त्यावर तारेचे वेढे ही रचना तर विसाव्या शतकापर्यंत टिकली.

हिंदुस्थानी तलवारीने मात्र दुसरी वाट धरली. तिची मूठ बहुधा सगळी लोखंडी, मध्ये किंचित फुगीर आणि टोकाला ताटलीसारखी चकती असलेली. पृष्ठभागावर सोन्या-चांदीचे कोफ्तगारीचे काम असले तरी ते शोभेचे असे. ही तलवार हातातून सुटत नाही ती घट्ट आकारामुळे: पुढे आडवा परज, मागे चकती आणि मध्ये जेमतेम मावणारा पंजा. कट्यारीत तर मूठच पात्याला काटकोनात येते. दोन समांतर दांड्यांमधल्या आडव्या पकडीवर मूठ आवळली की हत्यार मनगटाच्या रेषेत येते, आणि घाव घालताना जोर उलट पकड पक्की करतो. मराठ्यांच्या पट्ट्यात हाताला कोपरापर्यंत लोखंडी आवरण असते आणि आतली दांडी तशीच आडवी. जिथे आकार हे काम करतो तिथे खरखरीची गरज कमी पडते. बंदुकीच्या मुठीला ही चैन नाही. पिस्तुलाची मूठ चापापर्यंत बोट नेण्यासाठी मोकळी ठेवावी लागते, आणि प्रत्येक गोळीगणिक ते हातातून वर उसळू पाहते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बंदूककारांनी द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांवर लाकडी मुठीला बारीक चौकडीची नक्षी कोरायला सुरुवात केली. एका दिशेने समांतर रेषा, मग तिरक्या दिशेने दुसऱ्या रेषा, आणि त्यांच्या मधोमध शेकडो चिमुकले पिरॅमिड. ही नक्षी श्रीमंतीची खूण म्हणून मिरवली गेली, पण तिचे काम निखळ व्यवहाराचे होते. पहाटेच्या दवात, घाबरलेल्या माणसाच्या घामेजल्या पंजात लाकूड फिरू नये. पुढचे शतकभर चौकडी तीच राहिली आणि पदार्थ बदलत गेला. लाकडानंतर व्हल्कनाइट हे कठीण रबर आले. ब्रिटिश सैन्याच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरांवर त्याच्याच चौकडीदार पट्ट्या असत. मग बेकेलाइट आणि इतर प्लॅस्टिके. अमेरिकेचे कोल्ट एम-१९११ हे पिस्तूल अक्रोडाच्या लाकडाच्या, स्क्रूभोवती हिरेदार नक्षी सोडलेल्या पट्ट्यांनिशी आले आणि दुसऱ्या महायुद्धात तपकिरी प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून लढले.

या पिस्तुलाच्या इतिहासात एक छोटा प्रसंग महत्त्वाचा आहे. पहिल्या महायुद्धातील अनुभवानंतर १९२० च्या दशकात एम-१९११ ची दुरुस्ती झाली आणि एम-१९११ए१ तयार झाले. यंत्रणा जवळपास तीच राहिली. बदलले ते हाताशी संबंध येणारे भाग: चाप आखूड झाला, चापामागे बोटासाठी चौकट तासली गेली, मुठीची मागची बाजू फुगीर झाली आणि अंगठा व तर्जनीच्या बेचक्याला चावणारा घोडा दूर राहावा म्हणून मागची शेपटी लांबवली गेली. सैन्याच्या लेखी पिस्तूल ठीक होते, ते हातात बसत नव्हते एवढेच. लाखो सैनिकांच्या हातांचे एक सरासरी माप काढून त्यावर यंत्र बेतण्याचा हा प्रयत्न होता, आणि सरासरीत न बसणाऱ्यासाठी पट्ट्या बदलायची सोय शिल्लक होतीच.

ती सोय नायलॉनने काढून घेतली.

ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन ६६ तयार केले. बायकांच्या मोज्यांपासून पॅराशूटपर्यंत त्याचा प्रवास सर्वश्रुत आहे. बंदुकीपर्यंत ते १९५९ मध्ये पोहोचले. रेमिंग्टनने 'नायलॉन ६६' याच नावाची पॉइंट २२ रायफल बाजारात आणली. तिचा दस्ता आणि यंत्रणेचे घर एकाच नायलॉनी पदार्थाचे होते, आणि त्यावरची चौकडी कोरलेली नसून साच्यातच उमटवलेली होती. लोकांनी आधी नाके मुरडली, मग दहा लाखांहून अधिक रायफली विकत घेतल्या. १९७० मध्ये हेक्लर उंड कॉख या जर्मन कंपनीने व्हीपी-७० हे पॉलिमरच्या चौकटीचे पिस्तूल काढले. ते काळाच्या पुढे होते, चाप ओढायला जड होता, आणि खपही बेताचाच राहिला.

गॅस्टन ग्लॉक यांना पिस्तुलांचा अनुभव नव्हता. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्रामला त्यांचा कारखाना होता आणि तिथे पडद्यांच्या दांड्या, पुढे सैन्यासाठी सुऱ्या व खंदक खणण्याची अवजारे तयार होत. सैन्याला नवे पिस्तूल हवे आहे हे कळल्यावर त्यांनी जाणकारांना बोलावून सैनिकाला काय हवे ते विचारले, आणि एप्रिल १९८१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. हे त्यांचे सतरावे पेटंट, म्हणून नाव ग्लॉक १७ असे सांगितले जाते. मॅगझिनमध्ये गोळ्याही सतराच मावतात, त्यामुळे दोन्ही खुलासे सुखाने एकत्र नांदतात. सुरुवातीच्या नमुन्यांची चाचणी ते स्वतः डाव्या हाताने करीत, पिस्तूल फुटलेच तर आराखडे काढायला उजवा हात शाबूत राहावा म्हणून, अशीही आठवण सांगितली जाते. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाने हे पिस्तूल पी-८० या नावाने स्वीकारले.

पहिल्या पिढीतल्या ग्लॉकची मूठ बारीक रवाळ होती, खडबडीत रंग दिलेल्या भिंतीसारखी. कोरड्या हातात ती छान बसे. ओल्या हातात तिचा भरवसा नव्हता.

अमेरिकेत हे पिस्तूल पोहोचले ते बदनामी घेऊन. जानेवारी १९८६ मध्ये स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी लिहिले की लिबियाचे गद्दाफी विमानतळावरील यंत्रांना न दिसणारी ही 'प्लॅस्टिकची' पिस्तुले विकत घ्यायच्या खटपटीत आहेत. वस्तुतः पिस्तुलाच्या वजनाचा मोठा हिस्सा पोलादाचा होता, आणि क्ष-किरणांत ते पिस्तुलासारखेच दिसे. तरी भीती पसरली. १९८८ मध्ये काँग्रेसने कायदा करून प्रत्येक बंदुकीत यंत्राला सापडेल इतका धातू, म्हणजे सुमारे १०५ ग्रॅम पोलादाइतका, असलाच पाहिजे असे ठरवले. ग्लॉकला त्यासाठी काहीही बदलावे लागले नाही. १९९० च्या 'डाय हार्ड २' चित्रपटात नायक 'ग्लॉक ७' नावाच्या चिनी मातीच्या पिस्तुलाचा दाखला देतो. असे पिस्तूल कधीच नव्हते, पण त्या एका संवादाने कंपनीला जाहिरातीपेक्षा जास्त प्रसिद्धी दिली.

पोलिसांनी मात्र वेगळ्या कारणाने लक्ष दिले. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका एजंटाच्या हाताला गोळी लागली होती आणि त्याला आपले रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता आले नाही, कारण जखमेतले मांस व हाडाचे तुकडे गोळ्यांच्या घरात अडकले होते. त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतील पोलीस दलांनी सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर सोडून जास्त गोळ्यांची स्वयंभरणी पिस्तुले घ्यायला सुरुवात केली, आणि त्या लाटेवर ग्लॉक सर्वांत पुढे गेले. मायामीने शिकवलेला धडा गोळ्यांच्या संख्येचा होता, असे बहुतेक इतिहासांत लिहिलेले असते. तो हाताचाही होता. चकमकीतला हात प्रशिक्षणातल्या हातासारखा कोरडा, धडधाकट आणि सावकाश नसतो.

आणि सगळे हात एकाच मापाचेही नसतात. सतरा गोळ्यांचे दुहेरी रांगेचे मॅगझिन मुठीत मावायचे तर मूठ जाड होणारच. रिव्हॉल्व्हरच्या काळात लहान पंजाच्या शिपायाला, आणि १९७० च्या दशकापासून गस्तीवर येऊ लागलेल्या महिला पोलिसांना, लाकडी मूठ बदलून बारीक बसवता येई. ग्लॉकमध्ये मूठ म्हणजेच पिस्तूल. बदलणार काय? कायद्याच्या दृष्टीनेही चौकट हाच 'बंदूक' म्हणून ओळखला जाणारा भाग, नोंदणी क्रमांकाची धातूची पट्टी तिच्याच पोटात ओतलेली. साच्याने एक माप ठरवले आणि ते सर्वांना लागू झाले.

लोकांनी आधी घरगुती उपाय केले. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मुठीवर मोज्यासारखा चढवला. हा उपाय फुकट होता, पण रबर घामाने सरकत असे. मग स्केटबोर्डच्या फळीवर लावतात तशी वाळूकागदासारखी चिकटपट्टी मुठीच्या आकारात कापून चिकटवली. ती पकड उत्तम देई आणि काही महिन्यांत कडेने सुटू लागे. ॲरिझोनातील रोबार या कंपनीने मुठीचा मागचा पोकळ भाग इपॉक्सीने भरून, वरचे पॉलिमर तासून मूठ बारीक करण्याच्या आणि तिच्यावर नवी खरखर चढवण्याच्या कामात नाव मिळवले. लहान पंजाच्या माणसासाठी हा खरा इलाज होता, पण त्यासाठी पिस्तूल दूर पाठवावे लागे आणि पैसेही मोजावे लागत.

सोल्डरिंग आयर्न मात्र घरातच होते.

पॉलिमर उष्णतेने मऊ होते, हा त्याचा मूळ स्वभाव. साच्यात ते ओतता येते ते त्यामुळेच, आणि तापलेल्या टोकापुढे ते शरण येते तेही त्यामुळेच. टोक टेकले की तिथे खड्डा पडतो आणि वितळलेला पदार्थ खड्ड्याच्या काठाला वर ढकलला जाऊन थंड होतो. अशा शेकडो खड्ड्यांच्या काठांची मिळून एक दाणेदार सलगता बनते. आस्त्राखानचा चर्मकार बियांनी जे करी तेच हे काम, पाण्याच्या जागी उष्णता. 'स्टिपलिंग' हे त्याचे रूढ नाव. ही कल्पना पॉलिमरच्याही आधीची: नेमबाजीच्या स्पर्धांतील पिस्तुलांच्या, हाताच्या ठशाबरहुकूम कोरलेल्या अक्रोडी मुठींवर असेच ठिपके ठोकलेले असतात, आणि पोलादी चौकटींवर कारागीर पंचाने ते उठवीत. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत ज्या क्रीडाप्रकारात खेळतात, तिथे मूठ नेमबाजाच्या पंजानुसार बसवून घेणे हे पहिल्या धड्यातलेच काम आहे.

ठिपके कुठे द्यायचे हेही इतिहासानेच ठरवले. १९५० च्या दशकानंतर पिस्तूल दोन्ही हातांनी धरण्याची पद्धत रुळली. १९८० च्या दशकात रॉब लेदम आणि ब्रायन इनॉस या अमेरिकी स्पर्धकांनी दोन्ही बाहू समोर सरळ आणि दोन्ही अंगठे पुढच्या दिशेने अशी पकड लोकप्रिय केली. या पकडीत आधाराच्या हाताचा तळवा मुठीच्या एका बाजूला सपाट चिकटतो आणि उसळी रोखण्याचे बरेचसे काम तोच करतो. म्हणजे आता मुठीच्या पुढच्या-मागच्या कडांइतकीच बाजूही महत्त्वाची झाली. जुन्या चौकडीची ठेवण एका हाताच्या पकडीसाठी होती, आणि तापलेल्या आयर्नने नव्या पकडीचा नकाशा जुन्या मुठीवर उमटवला. काही मुठींवर चौकटीच्या पुढच्या भागातही, जिथे अंगठा टेकतो तिथे, एक छोटा खरखरीत चौकोन दिसतो. तो या नकाशाची हद्द.

कारखाना हे सगळे पाहत होता, आणि त्याची उत्तरे वाचण्यासारखी आहेत. १९८८ च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या पिढीत मुठीच्या पुढच्या व मागच्या बाजूला चौकडी आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिसऱ्या पिढीत अंगठ्यासाठी उथळ खळगा आला आणि पुढच्या बाजूला बोटांसाठी खाचा आल्या. रोमन हाडाच्या मुठीवरच्याच त्या खाचा, आता नायलॉनमध्ये. ज्यांच्या बोटांची जाडी साच्याशी जुळली ते खूश झाले. बाकीच्यांची बोटे खाचेत न बसता दोन खाचांमधल्या उंचवट्यावर येऊ लागली, आणि ठिपके देण्याआधी हे उंचवटे तासून टाकणे हा घरगुती कारागिरांचा ठरलेला पहिला संस्कार झाला. ग्लॅडियसची मूठ एकेका हातासाठी कोरता येत होती. साच्याला ती मुभा नसते.

सगळ्या खुणा हातासाठी आल्या असेही नाही. १९६८ च्या कायद्यानंतर परदेशी पिस्तूल अमेरिकेत आणायचे तर त्याला लांबी, वजन, सुरक्षा, नेमबाजीची उपकरणे यांच्यासाठी गुण दिले जातात आणि किमान ७५ गुण लागतात. आखूड पिस्तुलाला आकाराचे गुण कमी पडतात. ग्लॉक १९ च्या चापावर असलेल्या उभ्या खाचा या तक्त्यातली रिकामी जागा भरण्यासाठी आल्या. कित्येकांनी नंतर त्या काढून गुळगुळीत चाप बसवला.

२००९ मध्ये कंपनीने सर्वांत मोठी कबुली दिली. 'आरटीएफ-२' नावाच्या मुठीवर सुमारे चार हजार चिमुकली टोके साच्यातूनच उठवलेली होती. कारखान्याने जणू स्वतःच टाकी लावून दिली. स्पर्धकांना आणि हातमोजे घालणाऱ्या पोलिसांना ती आवडली. पण तोपर्यंत पिस्तुलाचा एक तिसराच ग्राहक उभा राहिला होता, आणि त्याचे गाऱ्हाणे वेगळे होते.

हा ग्राहक म्हणजे रोज कमरेला पिस्तूल लावून बाहेर पडणारा सामान्य नागरिक. १९८७ मध्ये फ्लोरिडाने ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्याला लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना देणे बंधनकारक केले आणि पुढे बहुतेक राज्ये त्या वाटेने गेली. १९९४ च्या कायद्याने सामान्यांसाठीच्या नव्या मॅगझिनांना दहा गोळ्यांची मर्यादा घातली. मोठे पिस्तूल घेऊन दहाच गोळ्या मिळणार असतील तर लहानच का घेऊ नये, हा हिशेब उघड होता. १९९५ मध्ये ग्लॉक २६ हे तळहाताएवढे पिस्तूल आले. २०१५ मध्ये एकेरी रांगेचे ग्लॉक ४३ आणि २०१८ मध्ये सिग सॉअरचे पी-३६५ आले. पिस्तूल लहान झाले, मुठीवर करंगळीलाही जागा उरली नाही, गोळी मात्र तीच नऊ मिलिमीटरची. जागा कमी आणि वजन कमी, तर उसळी जास्त. खरखरीची गरज इथे सर्वांत अधिक होती.

पण हे पिस्तूल दिवसाचे बारा तास शर्टाच्या आत, कातडीला लागून असते. हाताला जी मूठ घट्ट धरते ती पोटाच्या कातडीलाही धरते. आरटीएफ-२ च्या टोकांनी कपड्यांची अस्तरे झिजवल्याच्या तक्रारी झाल्या. घरी ठिपके देणाऱ्यांनी यातून मार्ग काढला: अंगाच्या बाजूचा भाग मऊ ठेवायचा किंवा कडा वाळूकागदाने मारायच्या, आणि समोरची बाजू खरखरीत ठेवायची. २०१० च्या चौथ्या पिढीत कंपनीनेही टोके बोथट व विरळ केली आणि मागची पट्टी बदलण्याची सोय दिली. ही सोय वॉल्थरने आपल्या पी-९९ मध्ये १९९० च्या दशकातच आणली होती. म्हणजे ज्या कंपनीच्या पी-३८ ला ग्लॉकने हटवले, तिच्याकडूनच बदलत्या मुठीची कल्पना परत आली. २०१७ च्या पाचव्या पिढीत बोटांच्या खाचा गेल्या. त्याआधीच एफबीआयसाठी तयार केलेल्या नमुन्यात त्या नव्हत्या.

मुठीला मात्र हात कोणाचा हे कळत नाही. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचे प्राण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातातील दोन पिस्तुलांपैकी एक ग्लॉक १९ होते, दुकानातून कायदेशीररीत्या खरेदी केलेले. अधिक खात्रीची पकड, अधिक वेगाने दुसरी गोळी: हे गुण चकमकीत सापडलेल्या पोलिसाला जितके उपयोगी तितकेच वर्गात शिरलेल्या मारेकऱ्यालाही. अमेरिकेतील शस्त्रवादात दोन्ही बाजू आपापला हात दाखवतात. या विषयावरचे लिखाण बहुधा ठिपक्यांच्या सौंदर्यात रमते आणि हा भाग वगळते, हे त्याचे उणेपण आहे.

तापलेल्या टोकाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे परत फिरण्याची वाट नसणे. पट्टी चुकली तर दुसरी लावता येते, डाग चुकला तर तो चौकटीत राहतो. फार खोल गेला तर भिंत पातळ होते, नोंदणी क्रमांकाच्या पट्टीजवळ गेला तर कायद्याशी गाठ. पुष्कळ पोलीस दले अशा फेरफाराला परवानगीच देत नाहीत. या कोंडीतून सुटण्याची वाट सिग सॉअरच्या पी-३२० ने दाखवली. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने एम-१७ या नावाने निवडलेल्या या पिस्तुलात क्रमांक असतो तो आतल्या छोट्या पोलादी चापयंत्रणेवर. बाहेरची पॉलिमरची मूठ निव्वळ कवच, वेगळी विकत मिळणारी. बिघडली तर फेकून द्यावी. कायद्याने 'बंदूक' कशाला म्हणायचे याची व्याख्या एका भागावरून दुसऱ्यावर सरकली, आणि लोक निर्धास्तपणे मुठी डागू लागले. पुढे संगणकावर चालणाऱ्या लेझर यंत्रांनी तेच ठिपके एकसारखे पाडून द्यायला सुरुवात केली.

भारतात या कहाणीची सावलीच पडते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या चौकटीत नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, आणि रोजच्या सोबतीचे शस्त्र ही कल्पनाच इथे अपवादात्मक. सैन्याचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल इशापूरच्या कारखान्यात बनणारे, जुन्या ब्राउनिंगच्या वंशातले, मुठीवर चौकडीच्या पट्ट्या असलेले. पण पदार्थ इथेही बदलतो आहे. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेले 'अस्मी' हे स्वयंचलित पिस्तूल डीआरडीओची पुण्यातील एआरडीई ही प्रयोगशाळा आणि महूचे इन्फंट्री स्कूल यांनी मिळून विकसित केले. त्याचा वरचा भाग विमानात वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा आहे, आणि हात जिथे पोहोचतो तो खालचा भाग कार्बन फायबरचा.

अमेरिकेत दरम्यान जुन्या पिस्तुलांच्या बाजाराने आपला एक नियम करून घेतला आहे. पोलीस दलांनी बदलून दिलेली, झिजलेली पण मूळ मुठीची ग्लॉक पिस्तुले सहज खपतात. घरी ठिपके दिलेल्या पिस्तुलाला बहुधा कमी भाव येतो, कारण ते एका विशिष्ट पंजासाठी बेतलेले असते, आणि घेणाऱ्याचा पंजा तो नसतो.